छोट्या वर्कशॉपसाठी बँडसॉ निवडताना : सोलापूरच्या नव्या सुतारांसाठी

तुमच्याकडे हातातलं कटर आहे, जिगसॉ आहे, कदाचित एखादा टेबल सॉ आहे आणि आता बँडसॉ, म्हणजे दोन चाकांवरून फिरणाऱ्या पट्ट्यासारख्या सलग ब्लेडची करवत, घ्यायचं डोक्यात आलंय. हा लेख तुमच्यासाठी. अक्कलकोट रोड किंवा चिंचोळी एमआयडीसीत मोठा शेड असलेल्यांनी वाचला तरी हरकत नाही, पण मी लिहितोय ते दहा बाय वीसचा गाळा, एक-दोन कारागीर आणि देव्हारे, चौरंग, चौकटी, झोपाळे अशी येईल ती ऑर्डर घेणाऱ्यांसाठी.

बहुतेक जण मशीनपासून सुरुवात करतात. किती इंची, कुठल्या कंपनीचं, कितीला बसेल. माझं म्हणणं, उलट्या बाजूनं या. आधी काम, मग वीज, मग परवाना, आणि या तिन्हींची उत्तरं खिशात असली की मगच मशीन. नाहीतर दुकानदार त्याच्याकडे पडून असलेला माल दाखवतो आणि तुम्हाला तोच बरा वाटायला लागतो.

१. आधी कामाचा कागद करा

बँडसॉ तीन कामं करतो. वळणदार कापणी, सरळ चिरणी, आणि जाड फळी उभी धरून तिच्या पातळ फळ्या काढणं. या तिसऱ्या कामाला बाजारात 'रिसॉ' म्हणतात आणि मशीनचा खरा कस तिथेच लागतो.

एक हिशेब बघा. ५० मिलिमीटर जाडीची सागवानी फळी आहे, तिच्यातून ८ मिलिमीटरच्या कच्च्या फळ्या काढायच्यात. गोल करवतीचं पातं साधारण ३ मिलिमीटर लाकूड खातं, म्हणजे पाच फळ्यांसाठी ४० अधिक चार कापांचे १२, एकूण ५२. बसत नाही, चारच फळ्या निघतात. बँडसॉचं ब्लेड सव्वा मिलिमीटरच्या आसपास खातं. ४० अधिक ५, एकूण ४५. पाच फळ्या निघून वर थोडं रंध्यासाठी उरतं. सागवानाच्या आजच्या भावात दर फळीमागे एक फळी जास्त, हे बँडसॉ घेण्याचं सगळ्यात मोठं कारण. शिवाय १० इंची पात्याचा टेबल सॉ एका बाजूनं जेमतेम तीन इंच खोल जातो. सहा इंच रुंद फळी उभी चिरायची तर ती दोन्ही बाजूंनी घालावी लागते आणि मधे पायरी राहते.

आता एका कागदावर लिहा: गेल्या सहा महिन्यांत आलेली सगळ्यात रुंद फळी किती इंचांची, सगळ्यात लहान गोलाई कुठली, आणि कोणतं लाकूड जास्त लागतं. सागवान, कडुलिंब, बाभूळ, की पाडलेल्या वाड्यांच्या जुन्या तुळया? शेवटच्या प्रकाराकडे नीट लक्ष द्या, कारण आपल्याकडे तो माल भरपूर येतो आणि त्यात खिळे असतात. त्याबद्दल पुढे ब्लेडच्या ठिकाणी लिहिलंय.

कागदावर नुसत्या वळणदार कापण्याच निघाल्या आणि रिसॉ जवळपास नाहीच, तर १४ इंची चाकांचं मशीन पुरतं आणि पुढचं बरंच तुम्ही भरभर वाचू शकता.

२. वीज : मशीनचा आकार इथे ठरतो

गाळ्यात सिंगल फेज आहे की थ्री फेज? मीटरवर मंजूर भार किती? वीजबिल काढून बघा, त्यावर दोन्ही छापलेलं असतं. हे न बघता तीन एचपीचं मशीन उतरवून घेतलं की ते ताडपत्रीखाली राहतं आणि तुम्ही महावितरणच्या कार्यालयात चकरा मारत बसता.

साधारण मोटरचा अंदाज असा : १४ इंचीला १ एचपी, १८ इंचीला २ एचपी, २४ इंचीला ३ एचपी. यापेक्षा कमी मोटर लावून स्वस्तात देणारे आहेत. वळणं कापताना काही जाणवत नाही. सहा इंच बाभळीत ब्लेड घातलं की मोटर कण्हायला लागते.

१ एचपी म्हणजे ७४६ वॅट, पण ते मोटरमधून बाहेर पडणारं काम. २ एचपीची सिंगल फेज मोटर पूर्ण भारावर वायरीतून जवळपास दोन किलोवॅट ओढते, म्हणजे १० ते ११ अँपिअर. सुरू होताना क्षणभर त्याच्या पाच-सहा पट. घरगुती 'बी' प्रकारचा एमसीबी, म्हणजे जास्त प्रवाह आला की आपोआप पडणारा स्विच, त्या धक्क्यालाच पडतो. 'सी' किंवा 'डी' प्रकारचा लावा. मीटरपासून मशीनपर्यंत ४ स्क्वेअर मिलिमीटरची तांब्याची वायर स्वतंत्र टाका, आणि पिनवर मशीन चालवू नका. ओव्हरलोड रिले (मोटरवर जास्त भार आला की ती बंद करणारा भाग) असलेला स्टार्टर लावून घ्या. वीज गेली की स्टार्टर स्वतःहून सुटतो आणि परत आली तरी मशीन आपोआप फिरत नाही. साध्या स्विचवर असेल तर वीज येताच ब्लेड फिरायला लागतं, आणि तेव्हा तुमचा हात टेबलावर असू शकतो.

आता उन्हाळा. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर, सगळीकडे कूलर आणि पंखे, आणि दुपारनंतर व्होल्टेज खाली. इंडक्शन मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतो. २३० वरून १९० वर आलं तर जोर सुमारे दोन तृतीयांशच उरतो. तुम्ही मात्र लाकूड तेवढ्याच जोरानं दाबत असता. मोटर जळते ती अशी. दोनशे-तीनशे रुपयांचा व्होल्टमीटर गाळ्यात डोळ्यासमोर लावा. काटा पडला की रिसॉचं काम दुसऱ्या दिवशी सकाळी.

थ्री फेज मिळत असेल तर तेच घ्या. तीच २ एचपी मोटर तिथे साडेतीन अँपिअरच्या आत चालते, सुरू होताना कुरकुर नाही, कपॅसिटर बदलायचा त्रास नाही. एक फेज उडाला तर मोटर जळू नये म्हणून सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर मात्र लावाच.

नव्या जोडणीसाठी किंवा भार वाढवण्यासाठी अर्ज महावितरणच्या वेबसाइटवरूनही करता येतो. सोबत ठेवायचे कागद : आधार, पॅन, गाळ्याचा मालकी हक्काचा पुरावा किंवा नोंदणी केलेला भाडेकरार, गाळामालकाचं ना-हरकत पत्र, चालू वीजबिल, आणि परवानाधारक वायरमनचा चाचणी अहवाल. भाड्याच्या गाळ्यात ना-हरकत पत्रावरच घोडं अडतं. मालकाला बँडसॉची नाही, भार वाढल्यावर भराव्या लागणाऱ्या सुरक्षा ठेवीची काळजी असते. ती कोण भरणार हे आधीच बोलून घ्या. आणि तुमचं काम उत्पादनाचं असेल तर मीटर व्यापारी दरात आहे की औद्योगिक, हेही त्याच फेरीत विचारा.

३. वन विभाग : हा टप्पा कोणी सांगत नाही

मशीन विकणारा यावर एक शब्द बोलणार नाही. ओंडके चिरणाऱ्या मशीनला, म्हणजे सॉ मिलला, वन विभागाचा परवाना लागतो. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयानं गोदावर्मन खटल्यात महाराष्ट्रातल्या विनापरवाना सॉ मिल बंद करायला लावल्या, तेव्हापासून हा विषय कडक आहे. २०१६ मध्ये केंद्रानं लाकडावर चालणाऱ्या उद्योगांसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात परवाना कोणाला लागतो हे तुम्ही ओंडके कापता की चिरलेलं लाकूड, आणि मशीन कुठलं, यावर ठरतं. 'बँडसॉ' हा शब्द नियमात असल्यामुळे 'माझं छोटं मशीन आहे साहेब' हे उत्तर पुरत नाही.

म्हणून बयाणा देण्याआधी सोलापूरच्या उपवनसंरक्षक कार्यालयात एक साधा अर्ज द्या. चाकाचा व्यास, मोटर किती एचपीची, फक्त वखारीतून बिलावर घेतलेलं चिरलेलं लाकूडच वापरणार, गाळ्याचा पत्ता. एवढं लिहून परवान्याची गरज आहे की नाही याचं लेखी उत्तर मागा आणि अर्जाच्या पोचेवर आवक क्रमांक व शिक्का घ्या. तोंडी 'काही लागत नाही' यावर लाखाचं मशीन घेऊ नका.

आणि मशीन आलं की लोक बांधावरची बाभूळ, अंगणातला आंबा ट्रॉलीत घालून घेऊन येतात. 'दोनच ओंडके आहेत, चिरून द्या की.' ओळखीचा माणूस असतो, नाही म्हणायला जड जातं. पण झाड तोडण्याची परवानगी, वाहतूक पास हे सगळं त्या ओंडक्यांबरोबर तुमच्या दारात येतं. त्यांना परवाना असलेल्या सॉ मिलचा पत्ता द्या. लाकडाची बिलं वर्षवार एका फाइलीत लावून ठेवा.

४. आकार : टेप घेऊन जा

१४ इंची, १८ इंची हा आकडा चाकाच्या व्यासाचा. ब्लेडपासून मागच्या खांबापर्यंतची मोकळी जागा त्याहून इंचभर कमी भरते. पण आपल्याला जास्त गरज असते ती उंचीची, म्हणजे टेबलापासून वर उचललेल्या गाईडपर्यंत (ब्लेडला जागेवर धरणाऱ्या भागापर्यंत) किती जाड लाकूड जाईल याची. हा आकडा जाहिरातीत बारीक अक्षरात असतो किंवा नसतोच. साधारण १४ इंची कास्टिंगच्या मशीनला तो ६ इंच असतो. टेप लावून स्वतः मोजा. आठ इंच फळी चिरायची असेल तर दहा इंच उंची बघा.

१४ इंची मशीनच्या खांबात मधे ठोकळा घालून उंची १२ इंचांवर नेता येते. ठोकळा मिळतो, बसतो, ब्लेड ९३.५ इंचाऐवजी १०५ इंची लागतं. पण फ्रेम तीच, मोटर तीच १ एचपी. पाऊण इंची ब्लेडला हवा तेवढा ताण दिला की फ्रेमचा वरचा हात झुकायला लागतो. कधीतरी एखादी फळी असेल तर ठीक. रोजचं काम असेल तर तो पैसा १८ इंचीत घाला.

माझं मत विचाराल तर आपल्या प्रकारच्या गाळ्याला १८ इंची, २ एचपी, जड बिडाचं किंवा जाड पत्र्याच्या बंद चौकोनी फ्रेमचं मशीन बसतं. टेबलावर ठेवायचे छोटे हलके बँडसॉ खेळणी आणि मॉडेलवाल्यांसाठी ठीक, चौकटींसाठी नाही. २४ इंची दिसायला रुबाबदार आहे, पण ते गाळ्याच्या दारातून आत जातं का हे आधी बघा. आणि पत्र्याचा शेड बुटका असेल तर वरच्या चाकाचं झाकण उघडतं का, तेही.

एक सापळा : उभा बँडसॉ धातू कापायचाही असतो आणि दिसायला सारखाच. धातूच्या मशीनचं ब्लेड मिनिटाला शंभर ते तीनशे फूट वेगानं चालतं, लाकडाला तीन ते साडेचार हजार फूट लागतात. वेग स्वतः काढा. १८ इंची चाकाचा परीघ ४.७१ फूट. मोटर १४४०, पुली ४ इंचावरून ८ इंचावर, म्हणजे चाक मिनिटाला ७२० फेरे. ७२० गुणिले ४.७१, सुमारे ३४०० फूट. लाकडाला योग्य.

५. दुकानात मशीन कसं तपासायचं

बरोबर न्यायचं सामान : टेप, दोन-तीन फुटी सरळ पट्टी, गुण्या, टॉर्च, फीलर गेज (बारीक फट मोजायच्या पात्यांचा जुडगा) असेल तर तो, आणि पाच रुपयांचं जुनं जाड नाणं.

मशीन बंद असताना वरचं झाकण उघडा आणि चाक हातानं हलकेच फिरवा. ते सावकाश थांबायला हवं. दर वेळी एकाच जागी येऊन मागे झुलत थांबत असेल तर चाकाचा तोल बरोबर नाही. चाक दोन्ही हातांनी पुढे-मागे हलवून बघा, खडखडलं तर बेअरिंग गेलंय किंवा बसवलेलंच नीट नाही. चाकावरच्या रबराच्या टायरवर नखानं दाबा. नख उमटून परत भरून आलं पाहिजे. कडक झालेला, तडकलेला टायर ब्लेड धरून ठेवत नाही, आणि गोदामात दोन उन्हाळे पडून राहिलेल्या नव्या मशीनचाही टायर असा असू शकतो.

सरळ पट्टी वरच्या आणि खालच्या चाकांच्या कडांना एकदम टेकवा. चारही ठिकाणी टेकली तर उत्तम. थोडा फरक असेल तर शिमनं, म्हणजे पातळ चकत्या घालून, काढता येतो. पाव इंच असेल तर ते मशीन तिथेच राहू द्या.

मग गाईडचा खांब. हा भाग लोक बघतच नाहीत. गाईड पूर्ण वर असताना ब्लेड आणि गाईडमधलं अंतर बघा, मग खाली आणून परत बघा. खांब ब्लेडला समांतर उतरत नसेल तर लाकडाची जाडी बदलली की दर वेळी गाईड नव्यानं लावायला लागेल, आणि कारागीर दोन आठवड्यांत ते लावणं सोडून देईल. गाईड बेअरिंगचं असो की ठोकळ्यांचं, मला फार फरक वाटत नाही. ते बारीक सरकवता येतं का आणि कसल्यावर जागेवर राहतं का, एवढं बघा. ब्लेडच्या पाठीमागचं बेअरिंग मशीन मोकळं चालताना ब्लेडला चिकटलेलं नसावं, केसभर मागे असावं. लाकूड दाबल्यावरच ते फिरलं पाहिजे.

टेबल बिडाचं, सपाट, आणि ब्लेडशी काटकोनात यायला हवं. ४५ अंशापर्यंत झुकतं म्हणतात, ते झुकवून परत शून्यावर आणायला सांगा आणि गुण्या लावा. दर वेळी त्याच जागी परत आलं पाहिजे.

आता चालू करायला सांगा. आवाज चढून स्थिर झाला की नाणं टेबलावर कडेवर उभं करा. उभं राहिलं तर मशीन घेण्यासारखं आहे. थरथरत चार बोटं सरकलं आणि पडलं तर आधी विचारा, मशीन जमिनीला बसवलंय का, की लाकडी पेटीवर ठेवलंय? पेटीवर असेल तर खाली घ्यायला लावा आणि परत करा. लाजू नका. दुकानदार म्हणेल, 'बसवल्यावर सगळं थांबतं.' काही थांबतं, सगळं नाही.

शेवटी तुमच्याच घरचं लाकूड. कागदावर लिहिलेल्या रुंदीची फळी बरोबर न्या आणि तिच्यातून पातळ पट्टी काढायला लावा. पट्टी वर, मधे, खाली मोजा. मधे पोट आलं असेल तर ब्लेड सैल, बोथट किंवा फ्रेम कमकुवत. नवं ब्लेड लावून, ताण वाढवूनही पोट राहिलं तर दोष फ्रेमचा. पाइनचा तुकडा कापून दाखवतात त्यावर जाऊ नका, तो कशानंही कापला जातो.

६. ब्लेड : कापतं हे, मशीन नाही

महागडं मशीन आणि बोथट ब्लेड यापेक्षा साधं मशीन आणि चांगलं ब्लेड केव्हाही बरं. म्हणून मशीन ठरवायच्या आधी हे विचारून ठेवा की या लांबीचं ब्लेड सोलापुरात जोडून कोण देतं, किती दिवसांत. पुण्याहूनच येणार असेल तर चार ब्लेडं एकदम घ्यावी लागतील, तो पैसा बजेटमध्ये धरा.

लांबी काढायची रीत : दोन्ही चाकांच्या मध्यांमधलं अंतर दुप्पट करा, त्यात व्यासाच्या ३.१४ पट मिळवा. १८ इंची चाकं, मध्यांतर ३४ इंच, तर ६८ अधिक ५६.५, म्हणजे १२४.५ इंच. मोजताना ताणाचा स्क्रू मधोमध ठेवा, म्हणजे दोन्हीकडे जागा राहते.

रुंदी वळणावर ठरते. दोन सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) ब्लेड साधारण पाऊण इंच त्रिज्येची गोलाई घेतं, तीन सूत दीड इंच, चार सूत अडीच इंच, सहा सूत साडेपाच इंच. त्याहून घट्ट वळणात ओढलं तर ब्लेड पिळतं आणि तुटतं. देव्हाऱ्याच्या कमानीला तीन सूत पुरतं. रिसॉला मशीन पेलेल तेवढं रुंद, चार ते सहा सूत.

दात : इंचाला तीन, मोठे, पुढे झुकलेले, हे रिसॉसाठी. सहा दाती रोजच्या कामाला. दहा-चौदा पातळ प्लायला. कमीत कमी तीन दात लाकडात असले पाहिजेत, पण जाड लाकडात बारीक दातांचं ब्लेड घातलं की दातांमधल्या खाचा भुशानं गच्च भरतात, ब्लेड तापतं आणि वाट सोडून जातं. लोकांना वाटतं बारीक दात म्हणजे साफ काप. सहा इंच जाडीत ते उलटं होतं.

जाडीही बघा. १४ इंची चाकावर ०.६५ मिलिमीटरपेक्षा जाड ब्लेड लावलं तर प्रत्येक फेऱ्यात ते जास्त वाकतं आणि लवकर तडकतं.

सागवानात वाळूसारखी सिलिका असते, त्यामुळे लाकूड मऊ वाटलं तरी धार लवकर जाते. जुन्या तुळयांसाठी बायमेटल, म्हणजे दोन धातूंचं, ब्लेड वेगळं ठेवा. ते महाग आहे, पण एखादा राहून गेलेला खिळा सोसतं. तुळईवरून आधी जोरकस लोहचुंबक फिरवा. रंगाखाली तुटलेला खिळा दिसत नाही, चुंबक मात्र तिथे हात ओढतं.

जोड तपासायची पद्धत : ब्लेड जोडाच्या जागी चाकाएवढ्या गोलाईत वाकवा. सलग गोल वाकलं तर ठीक. जोडाजवळ सरळ राहून शेजारी कोपरा आला तर जोडल्यावर तो परत तापवून सावकाश थंड केलेला नाही, दोन दिवसांत तिथेच तुटणार. जोडावरून नख फिरवा, उंचवटा लागला तर कानशीनं घासून घ्या. चालताना 'टक् टक्' येते ती त्याचीच.

७. नवं की जुनं

जुन्या मशीनला माझी ना नाही. कोल्हापूरकडच्या फाउंड्यांच्या पॅटर्न शॉपमधून निघालेली बिडाची मशीनं चांगली असतात, तिथे त्यांच्यावर साचे बनवणारे हात चालत. बंद पडलेल्या फर्निचर कारखान्यातलीही बघा. पण फ्रेमला वेल्डिंगची खूण दिसली की परत फिरा. टायर, बेअरिंग, पट्टे, गाईड हे सगळं बदलता येतं. तडकलेलं बीड आणि वाकलेला शाफ्ट नाही. आणि जुन्या मशीनची मोटर थ्री फेजची आहे का, हे भाव करण्याआधी.

८. पैसे आणि कागद

लाकूडकामाच्या मशीनवर १८ टक्के जीएसटी आहे. 'बिलाशिवाय घ्या, स्वस्त देतो' हे ऐकायला मिळेलच. बिल नसेल तर वॉरंटी नाही, विमा नाही, कर्ज नाही, आणि तुमची जीएसटी नोंदणी असेल तर भरलेल्या कराची वजावटही नाही.

कर्ज काढणार असाल तर उद्यम नोंदणी आधी करा. ती सरकारी पोर्टलवर आधार-पॅनवर मोफत होते. पैसे मागणाऱ्या वेबसाइटींपासून लांब राहा. एक-दोन कारागीर असतील तर शॉप अॅक्टखाली फक्त ऑनलाइन सूचना द्यावी लागते. २०२३ मध्ये आलेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसायांमध्ये सुतारकाम आहे : पाच टक्के व्याजानं आधी एक लाख, ते फेडल्यावर दोन लाखांपर्यंत, शिवाय अवजारांसाठी पंधरा हजार. मोठी रक्कम हवी असेल तर मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमासाठी जिल्हा उद्योग केंद्रात जा. दोन्हीकडे एक गोष्ट सारखी : कर्ज मंजूर होण्याआधी मशीन विकत घेऊ नका. कोटेशन द्या, मंजुरी घ्या, मग खरेदी.

कोटेशनवर एवढं लिहून घ्या : चाकाचा व्यास, टेबल ते गाईड उंची, मोटर एचपी आणि फेज, स्टार्टर आहे की वेगळा, ब्लेडची लांबी, वाहतूक आणि उतरवणी कोणाकडे, बसवून देणार का. उतरवणीवर हमखास भांडण होतं. ट्रकवाला गाळ्याच्या दारात सोडतो आणि अडीचशे-तीनशे किलोचं मशीन आत कोणी न्यायचं, हे कोणीच बोललेलं नसतं.

९. बसवणं आणि पहिला आठवडा

जागा ठरवताना मशीनची नाही, फळीची लांबी मोजा. आठ फुटी फळी चिरायची तर ब्लेडच्या पुढे आठ आणि मागे आठ फूट मोकळे लागतात. दहा बाय वीसच्या गाळ्यात हे लांबीच्या दिशेनंच जमतं; दारासमोर तोंड करून ठेवलं तर फळीचं शेपूट बाहेर जाऊ शकतं. खाली काँक्रीट हवं. फरशीवर ठेवलं तर अँकर बोल्ट फरशीसकट हलतात.

भुसा. आपल्याकडे शेजारच्या गाळ्यात बऱ्याचदा युनिफॉर्मचं शिलाईकाम किंवा टॉवेल-चादरींचं पॅकिंग चाललेलं असतं. बँडसॉची धूळ बारीक असते, ती पांढऱ्या शर्टांच्या गठ्ठ्यावर बसली की दुसऱ्या दिवशी शेजारी दारात. चार इंची पाइपचा डस्ट कलेक्टर खालच्या चाकाच्या पेटीला जोडा. शेजारी नसला तरी जोडा : जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं लाकडाची धूळ माणसात कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात ठेवली आहे. रुमाल बांधून भागत नाही, मास्क वापरा.

कारागिराला पहिल्या दिवशी सांगायच्या गोष्टी. वरचं गाईड लाकडाच्या दोन सूत वर, त्याहून उंच नाही. हातमोजे, गळ्यातला मफलर, हातातला सैल दोरा नको. शेवटचे तीन इंच हातानं नाही, काठीनं ढकलायचे. गोल दांडका नुसता टेबलावर ठेवून कापायचा नाही, तो ब्लेडखाली गर्रकन फिरतो आणि बोटं ओढून नेतो. व्ही खाचेच्या ठोकळ्यात बसवूनच. ब्लेड तुटलं की आधी बटण, मग दोन्ही चाकं पूर्ण थांबेपर्यंत झाकणाला हात नाही.

सरळ रेघ मारून कापताना काप एका बाजूला पळत असेल तर लगेच मशीनला दोष देऊ नका. फळीच्या तुकड्यावर रेघ मारा, हातानं रेघेवर धरून अर्ध्यापर्यंत कापा, फळी तशीच धरून मशीन बंद करा आणि तिरपेपणाची रेघ टेबलावर पेन्सिलीनं ओढा. फेन्स (फळी टेकवून सरकवायची टेबलावरची पट्टी) त्या रेघेला समांतर लावा. ब्लेड बदललं की हे परत करावं लागतं.

रोज काम संपल्यावर ब्लेडचा ताण सोडा, नाहीतर टायरला खळगा पडतो आणि स्प्रिंग बसते. उन्हाळ्यात पत्र्याखाली हे आणखी लवकर होतं. ताण सोडलाय अशी पाटी स्टार्टरवर अडकवायची सवय लावा, म्हणजे सकाळी येणारा सैल ब्लेडवर मशीन चालू करणार नाही. पहिल्या आठवड्यात नवे पट्टे सैल होतात, ते परत ताणून घ्या, पुलीचे स्क्रू आवळा, अँकर बोल्टही. आणि गड्ड्याच्या जत्रेआधीची किंवा लगीनसराईची ऑर्डर हातात असेल तर जास्तीची दोन जोडलेली ब्लेडं भिंतीवर टांगलेली असू द्या.